हवामानाचा आकडा हाती आला की तो तपासावा कसा

मे 2024 च्या अखेरीस नागपुरात 56 अंश तापमान नोंदल्याची बातमी आली आणि काही तासांतच ती विदर्भातल्या गावोगावच्या मोबाइलवर पोहोचली. तो आकडा कोणी मनाने रचलेला नव्हता. हवामान खात्याने रामदासपेठेतल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतजमिनीवर बसवलेल्या स्वयंचलित केंद्रानेच तो दाखवला होता. सोनेगावच्या केंद्रावर 54 अंश दिसत होते, आणि त्याच दिवशी खापरीच्या कापूस संशोधन संस्थेतल्या व रामटेकच्या केंद्रांवर मात्र पारा 44 च्या आसपास होता. सेन्सरच्या बिघाडामुळे चुकीची नोंद झाली, असे खात्याने पुढे स्पष्ट केले. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली होती, आणि तिथला सेन्सर सुमारे 3 अंश जास्त दाखवत होता, हे तपासणीत निष्पन्न झाले.

यानंतर गावात दोन मते तावातावाने मांडली गेली. एक मत असे की आता विदर्भ राहण्याजोगा उरला नाही. दुसरे असे की खात्याचे आकडेच खोटे असतील तर हवामान बदल हे सगळे थोतांड आहे. दोन्ही मते मांडणाऱ्यांनी आकडा तपासला नव्हता. आपल्याकडे पेरणीचा निर्णय, पीक विमा, अतिवृष्टीचा पंचनामा आणि दुष्काळाची घोषणा हे सारे हवामानाच्या आकड्यांवर ठरते. त्यामुळे ते तपासण्याची रीत शेतकऱ्याला, ग्रामपंचायत सदस्याला आणि शाळेतल्या शिक्षकाला ठाऊक असणे मला फार गरजेचे वाटते. जगभर हवामान विज्ञानावरून जे वाद झाले, त्यांनाही हीच रीत लागू पडते, म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्र सांगतो.

दावा आधी पूर्ण लिहून काढा

कोणताही दावा समोर आला की तो वहीत एका पूर्ण वाक्यात लिहावा: काय मोजले, कुठे मोजले, कोणत्या काळात मोजले, कोणत्या उपकरणाने मोजले आणि कशाच्या तुलनेत ते कमी किंवा जास्त ठरवले. ‘यंदा पाऊस सामान्य झाला’ या वाक्यात यातले बरेच काही गळलेले आहे. संपूर्ण देशाच्या हंगामी पावसाबद्दल बोलताना हवामान खाते दीर्घकालीन सरासरीच्या 96 ते 104 टक्क्यांना सामान्य म्हणते. जिल्ह्याच्या बाबतीत मात्र सरासरीपेक्षा 19 टक्के कमी ते 19 टक्के जास्त, एवढा सगळा पट्टा सामान्यात मोडतो. म्हणजे सरासरीपेक्षा 18 टक्के कमी पाऊस झालेला जिल्हाही कागदावर सामान्यच राहतो. त्यातही जुलैमध्ये तीन आठवडे पावसाने दडी मारून सोयाबीन करपले आणि ऑगस्टच्या शेवटी दोन दिवसांत नदीनाले फुगून कपाशी पाण्याखाली गेली, तरी हंगामाची बेरीज सरासरीच्या जवळ जाऊ शकते. अशा वेळी बेरीज बरोबर असते आणि शेतकऱ्याचे नुकसानही खरे असते. म्हणून हंगामाच्या टक्केवारीवर न थांबता निदान आठवड्याची, आणि शक्य असेल तिथे रोजची आकडेवारी मागावी.

सरासरी कोणत्या वर्षांची धरली आहे, हेही विचारावे. देशाच्या जून ते सप्टेंबर या काळातल्या पावसाची सरासरी पूर्वी 1961 ते 2010 या वर्षांवरून 88 सेंटीमीटर धरली जात असे. 2022 पासून ती 1971 ते 2020 वरून 87 सेंटीमीटर धरली जाते. हा बदल खात्याने जाहीर करून केला आहे आणि त्यात वावगे काही नाही. मात्र 2021 ची टक्केवारी आणि 2023 ची टक्केवारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्याला तो माहीत असायला हवा. एखाद्या आलेखात मुद्दाम एखाद्या अतिपावसाच्या किंवा दुष्काळी वर्षापासून सुरुवात केलेली दिसली, तर आलेख आणखी मागच्या वर्षांपासून मागावा. हवामानाचा कल सांगायला साधारण 30 वर्षांची नोंद लागते. पाच-सात वर्षांवरून कल सांगणाऱ्याचे म्हणणे, मग ते कोणत्याही बाजूचे असो, मी बाजूला ठेवतो.

उपकरण प्रत्यक्ष पाहून या

हवामान खाते ज्याला तापमान म्हणते ते सावलीतल्या, खेळत्या हवेचे तापमान असते. त्यासाठी झरोके असलेल्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवतात. भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दिसणारा आकडा किंवा टिनाच्या छपराखाली टांगलेल्या तापमापकाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येत नाही, कारण तिथे हवेपेक्षा पत्र्याची आणि काचेची उष्णताच जास्त मोजली जाते.

पावसाच्या बाबतीत गावकऱ्याला स्वतः तपासता येण्यासारखे बरेच आहे. साध्या पर्जन्यमापकाचे तोंड 200 चौरस सेंटीमीटरचे असेल, तर 1 मिलिमीटर पावसाचे 20 मिलिलिटर पाणी साठते. तोंड 100 चौरस सेंटीमीटरचे असेल, तर 10 मिलिलिटर. दोन्ही प्रकारच्या मापकांसाठी मोजण्याची काचेची नळी वेगळी असते. नळी फुटली आणि तिच्या जागी दुसऱ्या मापाची नळी आली, तर पाऊस थेट निम्मा किंवा दुप्पट नोंदला जातो, आणि वहीत पाहून ते कोणाच्याही लक्षात येत नाही. हे तपासायला फार काही लागत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मोठ्या सिरिंजने 200 मिलिलिटर पाणी मोजून भांड्यात ओतावे आणि तिथल्या नळीने मोजून पाहावे. 200 चौरस सेंटीमीटरच्या मापकात ते 10 मिलिमीटर भरले पाहिजे. अर्थात हे कोरड्या दिवशी, नोंद घेणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या समोर करावे, आणि पाणी लगेच रिकामे करावे.

मापकाची कड आडवी समपातळीत आहे का, तोंडाशी पाला किंवा पक्ष्याचे घरटे अडकले आहे का आणि भोवतालची झाडे किंवा भिंती किती दूर आहेत, हेही पाहावे. कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, असा संकेत आहे. आमच्या भागातल्या एका स्वयंचलित केंद्राच्या कुंपणाला लागूनच सुबाभूळ वाढली होती आणि वाऱ्यासोबत येणारा पाऊस तिच्यातच अडत होता. कोणावर आरोप न करता फोटो, तारीख आणि अंतर लिहून कळवल्यावर ती छाटली गेली. मात्र छाटणीच्या आधीच्या नोंदींचे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला. म्हणूनच अशी पाहणी मृग लागण्याच्या आधी, मे महिन्यातच करून घ्यावी.

वादाचे आणखी एक मोठे कारण म्हणजे तारीख. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी 8.30 ला संपतो. 12 जुलैचा पाऊस म्हणून जो आकडा येतो, तो 11 च्या सकाळी 8.30 पासून 12 च्या सकाळी 8.30 पर्यंतचा असतो. 11 तारखेच्या संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस पाहिलेला माणूस 11 ची नोंद उघडतो, तिथे शून्य पाहतो आणि आकडे दडपल्याची त्याची खात्री होते. चोवीस तासांत 65 मिलिमीटर ही अतिवृष्टीची मर्यादा असल्याने, सकाळी 8.30 च्या आधी 40 आणि नंतर 40 पडलेला पाऊस दोन तारखांत विभागला जातो, आणि दोन्ही दिवस मर्यादेखाली राहतात. ही पद्धत बदलावी का, यावर जरूर बोलावे. पण तिला लबाडी म्हणण्याआधी पुढच्या तारखेचे पान उलटून पाहावे.

महसूल मंडळात एक केंद्र आणि त्याखाली अनेक गावे, अशी आपल्याकडची रचना आहे. गडगडाटी पाऊस दोन-चार किलोमीटरच्या अंतराने पार बदलतो. केंद्रावर 40 आणि आपल्या शिवारात 90 मिलिमीटर, या दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अशा वेळी उपकरण खोटे ठरवण्याचा हट्ट धरू नये. केंद्रे अपुरी आहेत, हा मुद्दा धरावा. तोच जास्त भक्कम असतो.

दुरुस्त केलेल्या आकड्याचे काय करायचे

नागपूरचे 56 अंश चूक आहेत, हे शेजारच्या केंद्रांवरून लगेच कळून आले. देशातला मान्य उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, 2016 मधला 51 अंशांचा आहे. त्याच्या तीन ते पाच अंश वर एका शहरातली दोन केंद्रे जातात आणि त्याच शहरातले तिसरे 44 वर राहते, हे संभवत नाही. शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहण्याची हीच रीत जगातल्या तापमानाच्या जुन्या नोंदी दुरुस्त करताना वापरतात. केंद्र एका जागेवरून दुसरीकडे हलले, नोंद घेण्याची वेळ बदलली किंवा उपकरण बदलले, की आकड्यात अचानक पायरी पडते, आणि ती पायरी शेजारच्या केंद्रांत दिसत नाही.

या दुरुस्त्यांवरूनच ‘शास्त्रज्ञ आकडे फिरवतात’ हा आरोप सर्वाधिक होतो. त्यातला एक भाग समजून घेण्यासारखा आहे. पूर्वी जहाजावरून कापडी बादलीने समुद्राचे पाणी वर काढून तापमान मोजत. वर येईपर्यंत बाष्पीभवनाने ते थोडे थंड होई. पुढे इंजिनात घेतल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान मोजू लागले, ते किंचित जास्त भरे. नंतर तरंगते बोये आले, ते इंजिनाच्या नोंदीपेक्षा थोडे कमी दाखवतात. हे तिन्ही आकडे जसेच्या तसे जोडणे चुकीचे ठरले असते. विशेष म्हणजे समुद्राच्या जुन्या नोंदी दुरुस्त केल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची एकूण तापमानवाढ थोडी कमी दिसते, जास्त नव्हे. 2015 मध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र व हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशाच दुरुस्त्यांनंतर, तापमानवाढ मंदावल्याचे दिसत नाही, असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच संस्थेतून आधी निवृत्त झालेल्या जॉन बेट्स यांनी 2017 मध्ये त्या निबंधाची आकडेवारी नियमाप्रमाणे जतन करून खुली केली गेली नव्हती, अशी तक्रार जाहीरपणे मांडली. आकडे फिरवल्याचा आपला आरोप नाही, हेही त्यांनी सांगितले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने फक्त बोये, फक्त उपग्रह आणि फक्त समुद्रात सोडलेली स्वयंचलित उपकरणे यांच्या वेगवेगळ्या नोंदी घेऊन गणित पुन्हा केले, आणि ते नोआच्या नव्या आकड्यांशी जुळले.

चूक उलट बाजूलाही झालेली आहे. अलाबामा विद्यापीठातील रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांच्या उपग्रहावरून काढलेल्या तापमानात वाढ जवळपास दिसत नव्हती, आणि तापमानवाढीवर शंका घेणारे बराच काळ त्याचा दाखला देत. 1998 मध्ये उपग्रहाची कक्षा हळूहळू खाली येत असल्याचा परिणाम त्यात धरलेला नाही, हे दाखवले गेले. 2005 मध्ये दिवसातल्या वेळेबद्दलच्या दुरुस्तीतली चूकही सापडली.

तेव्हा दुरुस्त केलेला आकडा समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात: मूळ नोंद उपलब्ध आहे का, दुरुस्तीची पद्धत व कारण लिहिलेले आहे का, आणि दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तेच गणित करून पाहिले आहे का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर दुरुस्ती झाली म्हणून आकडा टाकून देऊ नये. मूळ नोंदच दाखवत नसतील, तर मात्र आकडा बरोबर असला तरी संशय घेण्याचा आपला हक्क शाबूत राहतो.

हेच 2009 च्या प्रकरणातून दिसले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामान संशोधन केंद्राचे हजाराहून अधिक ई-मेल चोरून उघड करण्यात आले. त्यातला ‘घट लपवण्या’बद्दलचा उल्लेख जगभर गाजला. ती घट पृथ्वीच्या तापमानातली नव्हती; काही झाडांच्या वाढीच्या वलयांवरून काढलेले तापमान 1960 नंतर खाली जात होते, तर तापमापकांवर ते वर जात होते, त्यासंबंधी ते वाक्य होते. 2010 मधल्या म्युर रसेल चौकशी समितीने शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसल्याचे म्हटले. पण योग्य तेवढा खुलेपणा त्यांनी दाखवला नाही आणि जागतिक हवामान संघटनेच्या 1999 च्या अहवालाच्या मुखपृष्ठासाठी केलेला आलेख, वलयांची व तापमापकांची नोंद न सांगता जोडल्यामुळे, दिशाभूल करणारा होता, असेही स्पष्ट नमूद केले. पुढे रिचर्ड मुलर या शंका घेणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने बर्कले अर्थ या प्रकल्पात जमिनीवरच्या सगळ्या नोंदींचे गणित नव्याने केले, आणि 2012 मध्ये तापमानवाढ खरी असून तिचे मुख्य कारण माणूस आहे, असे जाहीर केले. त्या प्रकल्पाला मिळालेल्या पैशात, तेलाच्या व्यवसायाशी संबंधित कोक कुटुंबातल्या चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानचाही वाटा होता. पैसा कोणाचा हे जरूर पाहावे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

आपल्यासाठी यातला कामाचा भाग म्हणजे जोड शोधणे. तालुक्याच्या पावसाच्या आलेखात जुनी वर्षे तहसीलच्या आवारातल्या साध्या मापकाची आणि नंतरची वर्षे मंडळातल्या स्वयंचलित केंद्रांच्या सरासरीची असतील, तर जोड कोणत्या वर्षी आहे हे आलेखावर लिहिलेले असले पाहिजे. नसेल तर त्या वर्षाच्या आसपास दिसणाऱ्या वाढीवर किंवा घटीवर विश्वास ठेवण्याची घाई करू नये.

दाव्याचा माग काढा

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या 2007 च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे छापले गेले. तो उल्लेख एका पर्यावरण संस्थेच्या 2005 च्या अहवालातून आला होता, आणि त्याचे मूळ 1999 मधल्या एका नियतकालिकातल्या मुलाखतीत होते. त्यामागे तपासलेला शोधनिबंध नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी अधिकारी व्ही. के. रैना यांनी नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या टिपणात वेगळे चित्र मांडले, तेव्हा आयपीसीसीचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची कठोर शब्दांत हेटाळणी केली. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीला 2035 बद्दल खेद व्यक्त करावा लागला. हिमनद्या मागे सरकत आहेत, हे त्यानेही बदलले नाही. वर्ष तेवढे निराधार होते. तेव्हा बातमीतला दावा कोणत्या अहवालातून आला, अहवालाने कोणता निबंध दिला आणि त्या निबंधात तोच आकडा आहे का, अशा तीन पायऱ्या मागे जावे. मध्येच माग तुटला, तर दावा वापरू नये.

शास्त्रज्ञांचे एकमेकांशी मतभेद दिसले म्हणजे सगळेच अनिश्चित आहे, असेही समजू नये. मध्य भारतात, म्हणजे आपल्याही पट्ट्यात, मुसळधार पावसाच्या घटना वाढत असल्याचे बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडले. 2012 मध्ये मुंबई आयआयटीचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत वापरून देशभर एकसारखा कल दिसत नाही, ठिकाणाठिकाणांतला फरक मात्र वाढतो आहे, असे दाखवले. एका गटाने मोठ्या क्षेत्रातल्या घटना एकत्र मोजल्या, दुसऱ्याने स्थानिक पातळीवर पाहिले. दोघांनीही हवामान खात्याच्याच खुल्या नोंदी घेतल्या, म्हणून त्यांच्यातला फरक आपल्यालाही समजून घेता येतो. ‘विदर्भात अतिवृष्टी वाढली’ हे वाक्य स्वतःच्या तालुक्याला लावण्याआधी हा फरक ध्यानात ठेवावा.

नोंदी मागाव्या कशा

खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर 1901 पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत, म्हणजे साधारण 25 ते 28 किलोमीटरच्या चौकोनांत, विनामूल्य मिळतो. तालुक्यातला संगणक जाणणारा एखादा विद्यार्थी ती धारिका उघडून देऊ शकतो. मात्र चौकटीतला आकडा भोवतालच्या केंद्रांवरून गणिताने काढलेला असतो, गावातल्या मापकाचा नसतो. मंडळनिहाय रोजचा पाऊस राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. हंगाम चालू असतानाच त्या पानांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत.

जे खुले नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे. अर्जाला 10 रुपये शुल्क लागते, उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते, आणि राज्य सरकारच्या कार्यालयाबाबतच्या दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाची खंडपीठे नागपूर व अमरावती इथे आहेत. ‘आकडे खोटे का आहेत’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला नोंदीच्या रूपात उत्तर नसते. अमुक केंद्राचे अक्षांश-रेखांश, बसवल्याची तारीख, सेन्सरची शेवटची तपासणी व अंशांकनाची (कॅलिब्रेशनची) तारीख, अमुक दोन तारखांमधील तासागणिक मूळ नोंद, त्या काळात नोंद बंद असल्यास ती कशावरून भरली याचा कागद, अशी एकेक बाब वेगळी मागावी. ईस्ट अँग्लियाच्या ज्या नोंदी देता येत नाहीत असे सांगितले जात होते, त्याही अखेर 2011 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या आदेशानंतरच खुल्या झाल्या.

स्वतःची नोंदही ठेवावी, पण इतरांकडून जी शिस्त मागतो तीच पाळून. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मोकळ्या आवारात मापक बसवावे, रोज सकाळी 8.30 ला वाचावे, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे आणि वाचन चुकले तर ‘वाचले नाही’ असे लिहावे. अंदाजाने आकडा कधीही भरू नये. खोडायचे असेल तर एक रेघ मारून जुना आकडा वाचता येईल असा ठेवावा आणि शेजारी कारण व सही करावी. मापक हलवले, नळी बदलली, शेजारी भिंत उभी राहिली, तर तारखेसह पहिल्या पानावर नोंदवावे. महिन्याच्या अखेरीस दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन त्या पानाची प्रत मंडळ कार्यालयात द्यावी, आवक क्रमांक घालून पोच घ्यावी, आणि आपल्या व केंद्राच्या आकड्यांत मोठा फरक असलेल्या तारखा सोबतच्या पत्रात वेगळ्या लिहाव्यात. ज्या तारखांना दोन्ही आकडे जुळतात, त्याही त्याच पत्रात लिहाव्यात.